‘देवी काढणे’ : लसीकरणाचा इतिहास आणि आईचा निर्णय

मराठी भाषेने ‘देवी’ हा शब्द चार निरनिराळ्या अर्थांनी वापरला आहे. गावाच्या वेशीवरची देवता ती देवी. मुलांचा बळी घेणारा, वाचलेल्यांचे चेहरे व्रणांनी भरून टाकणारा आणि कित्येकांची दृष्टी हिरावणारा रोग तोही देवी. त्या रोगाविरुद्ध दंडावर टोचली जाणारी लस म्हणजेही देवी, आणि ती टोचण्यासाठी पेटी घेऊन गावोगाव हिंडणारा सरकारी माणूस तो ‘देवी डॉक्टर’. वरवर पाहता हा भाषेचा गोंधळ वाटेल. परंतु त्यात एक विचार आहे. रोग झाला की ‘देवी आल्या’ असे म्हणत आणि लस टोचली की ‘देवी काढल्या’ असे म्हणत. जे एरव्ही आपल्या मर्जीने आणि आपल्या वेळी येणार, ते माणसाने आपल्या हाताने, ठरविलेल्या वेळी, अल्प प्रमाणात बाहेर काढावे, असा या शब्दयोजनेचा अर्थ होतो. लसीकरणाचे मर्म याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे. आणि ही भाषा मुख्यतः घरांतील, म्हणजे मुले वाढविणाऱ्या स्त्रियांच्या तोंडची आहे.

लसीकरणाचे इतिहास मात्र शास्त्रज्ञांचे, कायद्यांचे आणि मोहिमांचे इतिहास आहेत. त्यांत आई येते ती बहुधा ‘अडचणी’ या सदराखाली. ती अज्ञानी आहे, ती मूल लपविते, ती ऐकत नाही, असे अहवालामागून अहवाल सांगतात. आईचा नकार हा खरोखर केवळ अज्ञानाचा नकार होता काय, आणि तिचा होकार कशाने मिळाला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लसीपूर्वीचे ज्ञान

देवीच्या रोगाच्या तीव्र प्रकारात, लस न घेतलेल्या दर दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत. यावर औषध नव्हते; आपल्याकडील वैद्यांजवळ नव्हते, तसेच युरोपातील डॉक्टरांजवळही नव्हते. होती ती केवळ शुश्रूषा, आणि ती आईच्या हाती होती. घरात फोडणी द्यावयाची नाही, दाराला कडुलिंबाचे डहाळे लावावयाचे, मुलाला थंड अन्न व थंड पाणी द्यावयाचे, परक्या माणसाला आत येऊ द्यावयाचे नाही, असा तो आचार होता. महाराष्ट्रात श्रावणातील शीतला सप्तमीला, आणि माळव्यात व गुजरातेत तेथील तेथील तिथीला, चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल याच रोगाशी निगडित आहे.

हा सर्व आचार मूर्तिपूजा म्हणून एका वाक्यात निकालात काढणे धर्मोपदेशकांना सोपे गेले. परंतु त्यात रोग्याला वेगळे ठेवणे होते, दाह कमी करणे होते, आणि मूल वाचले किंवा न वाचले तरी त्याच्यापाशी बसून राहण्याची एक शिस्त होती. ज्या रोगापुढे मनुष्य हतबल आहे, त्या रोगाला आदरार्थी बहुवचनाने संबोधणाऱ्या आईच्या मनात भीती होती, हे खरे. पण त्या भीतीमागे कित्येक पिढ्यांचे निरीक्षणही होते. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत, हे तिला जेनरच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

याच निरीक्षणावर जेनरपूर्व टोचणी आधारलेली होती. सौम्य रोग झालेल्या माणसाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य रोग मुद्दाम आणावयाचा, अशी ती पद्धत होती. बंगालमध्ये टीकादार ती करीत, आणि होलवेल या इंग्रजाने १७६७ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तुर्कस्तानात हे काम वृद्ध स्त्रिया करीत. तेथील इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिचा भाऊ १७१३ साली देवीने गेला होता आणि १७१५ साली तिचा स्वतःचा चेहरा त्याच रोगाने व्रणांकित झाला होता. तिने १७१८ साली तेथेच आपल्या मुलाला ही टोचणी करविली आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला. इंग्लंडमध्ये ही पद्धत रुजली ती अशा रीतीने एका आईच्या निर्णयामुळे. आणि तिला हे ज्ञान मिळाले तेही दुसऱ्या देशातील स्त्रियांकडून.

व्यासपीठावरील विरोध

लसीला धर्माच्या नावाने झालेला विरोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शीतलेचे देऊळ उभे राहते. ख्रिस्ती वाचकांनी आपल्या घरचा इतिहासही ध्यानात घेतला पाहिजे. ८ जुलै १७२२ रोजी लंडनमधील सेंट अँड्र्यूज, होबर्न या मंदिरात एडमंड मॅसी या पाळकाने टोचणीविरुद्ध उपदेश केला. त्यासाठी त्याने ईयोबाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील, सैतानाने ईयोबाला गळवांनी पीडिल्याचा प्रसंग घेतला. रोग हा परीक्षेसाठी वा शिक्षेसाठी ईश्वराने पाठविलेला असतो, तो माणसाने आपल्या हाताने देणे पापाचे होय, असा त्याचा युक्तिवाद होता. देवीचा कोप होईल म्हणून सुई नाकारणारी आई आणि ईश्वरी योजनेत ढवळाढवळ होईल म्हणून सुई नाकारणारा मॅसी, यांच्या विचारांत फारसे अंतर नाही. फरक एवढाच की आईला अंधश्रद्ध म्हटले गेले आणि मॅसीचा उपदेश छापला गेला.

याच सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरात उलट चित्र दिसले. आफ्रिकेतून आणलेल्या ओनेसिमस नावाच्या गुलामाकडून टोचणीची माहिती मिळालेला पाळक कॉटन मॅदर १७२१ च्या साथीत तिचा कैवारी झाला आणि शहरातील बहुतेक डॉक्टर विरोधात गेले. मॅदरच्या घरात पेटता गोळा फेकण्यापर्यंत मजल गेली. त्या साथीत सुमारे ५,९०० लोकांना नैसर्गिक रीतीने रोग झाला व त्यांपैकी ८४४ दगावले; टोचणी झालेल्या सुमारे २४० लोकांपैकी सहा दगावले. आकडे टोचणीच्या बाजूचे होते. पण ते सहाही कोणाची तरी मुलेमाणसे होती. थोर धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स १७५८ साली टोचणीनंतरच मरण पावला. उलटपक्षी, बेंजामिन फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली टोचणी न केल्यामुळे देवीला बळी पडला आणि त्याची खंत पित्याने आयुष्यभर बाळगली. आपण केले म्हणून मूल गेले, किंवा आपण केले नाही म्हणून गेले, अशा दोन दुःखांच्या मध्ये आईबापांना उभे राहावे लागत होते. आकडेवारी सांगणाऱ्याला हा प्रश्न सोपा असतो. एकच मूल मांडीवर असलेल्या स्त्रीला तो सोपा नसतो.

दंडावरून दंडावर

एडवर्ड जेनरने १४ मे १७९६ रोजी गोस्तनदेवीचा द्रव एका आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि १७९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाईच्या आचळांवर येणाऱ्या या सौम्य रोगाने मनुष्याचे देवीपासून संरक्षण होते, हा तो शोध. जुन्या टोचणीपेक्षा ही लस कितीतरी निर्धोक होती. पण ती टिकत नसे. दोऱ्यावर वा काचेवर वाळविलेला द्रव उष्ण प्रदेशात लवकर निकामी होई. म्हणून एका मुलाच्या दंडावर फोड पिकला की त्यातील द्रव दुसऱ्या मुलाला, त्याचा तिसऱ्याला, अशी जिवंत साखळी चालू ठेवावी लागे. अशाच साखळीने ही लस बगदाद व बसऱ्यामार्गे मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम यशस्वी झाली. मुंबईहून पुढे हिंदुस्थानात पसरलेली लस या एका बालिकेच्या दंडातून निघाली. मुलीचे नाव इतिहासात राहिले. तिच्या आईचे नाव प्रचलित इतिहासांत आढळत नाही.

पुढच्याच वर्षी, १८०३ साली, स्पेनच्या राजाने बाल्मिस या वैद्याच्या नेतृत्वाखाली आपल्या अमेरिकन वसाहतींकडे लस पाठविली. त्या जहाजावर लस वाहण्यासाठी बावीस मुलगे होते, बहुतेक अनाथालयातील. त्यांची काळजी घेण्यासाठी अनाथालयाची प्रमुख इझाबेल सेंदाल सोबत गेली आणि तिचा स्वतःचा मुलगाही त्यांत होता. लस वाहण्यासाठी अनाथ मुले निवडली गेली, यातच सर्व आले. ‘नाही’ म्हणणारी आई त्यांना नव्हती.

आपल्याकडील आईला मात्र या पद्धतीने तीन गोष्टी मागितल्या. पहिली, निरोगी मुलाला परक्या पुरुषाकडून जखम करून घेणे. दुसरी, आठवड्याने फोड पिकल्यावर तापलेल्या, चिडचिड्या मुलाला पुन्हा त्याच्यापुढे नेणे. तिसरी आणि सर्वांत कठीण म्हणजे तो फोड फोडून त्यातील द्रव कोणा परक्या मुलासाठी काढू देणे. दुसऱ्याच्या अंगचा द्रव आपल्या मुलाच्या रक्तात जाण्यात जातीचा विटाळ होता. आणि आपल्या मुलाच्या अंगचा द्रव काढून घेतल्याने ते अशक्त होईल ही भीती होती. यांतील विटाळाची कल्पना आपण खुशाल त्याज्य मानू. पण दंडावरून दंडावर लस देताना दुसरा रोग येऊ शकतो, ही शंका खोटी नव्हती. १८६१ साली इटलीतील रिवाल्टा या गावी एका मुलापासून घेतलेल्या लसीतून अनेक मुलांना उपदंशाची बाधा झाली. एका टोचणीने जन्मभर संरक्षण मिळते, हे आरंभीचे आश्वासनही खरे ठरले नाही. काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते हे पुढे मान्य झाले. ज्या आईने लस टोचूनही शेजारच्या तरुणाला देवी आलेल्या पाहिल्या, तिचा अविश्वास पाहण्यातून आलेला होता.

आणि तरीही असंख्य आयांनी लस स्वीकारली. ती त्यांनी आपल्या रीतीने स्वीकारली. हिंदुस्थानच्या अनेक भागांत लस टोचलेल्या मुलाला देवी आलेल्या मुलाप्रमाणेच वागविले जाई. तेच थंड अन्न, तेच पथ्य, तीच पूजा. दंडावर फोड आला आणि ताप आला की देवी ‘लागल्या’ असे समाधान मानले जाई. वैद्यकीय दृष्ट्या हे अचूक होते, कारण फोड न येणे म्हणजे लस लागू न पडणे. अधिकाऱ्यांना ज्यात अंधश्रद्धा दिसली, त्यात नव्या गोष्टीला घरात जागा करून देण्याची खटपट होती.

कायद्यातील आई

१८७७ साली मुंबई शहरासाठी लसीकरणाचा कायदा झाला आणि १८८० साली हिंदुस्थान सरकारचा लसीकरण कायदा आला. तो नगरपालिका व लष्करी छावण्या यांच्या हद्दींत लागू करता येत असे. जेथे तो लागू झाला तेथे जुनी टोचणी हा गुन्हा ठरला, आणि मुलांना लस देणे पालकावर बंधनकारक झाले. या १८८० च्या कायद्यातील ‘पालक’ या शब्दाची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. औरस मुलाच्या बाबतीत पालक म्हणजे बाप. आई पालक ठरते ती केवळ मूल अनौरस असेल तर. म्हणजे ज्या घरात आई रात्रंदिवस मुलापाशी असे, त्याच घरात कायद्याच्या दृष्टीने तिचे अस्तित्व नव्हते. नोटीस बापाच्या नावे, दंड बापाला, आणि दोष मात्र ‘अडाणी आयांना’ !

इंग्लंडमध्येही १८५३ पासून लसीकरण सक्तीचे होते. तेथे विरोध वाढला, १८८५ साली लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला, आणि अखेर १८९८ साली सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल त्या पालकास सूट देणारे कलम कायद्यात घालावे लागले. त्याच वर्षी तेथे दंडावरून दंडावर लस देणेही बंद झाले. म्हणजे इंग्रज पालकाच्या आक्षेपाला ‘विवेक’ हे नाव मिळाले. १८८० च्या हिंदुस्थानी कायद्यात तशा आक्षेपाला जागा नव्हती, आणि हिंदी आईच्या आक्षेपाला ‘पूर्वग्रह’ म्हटले गेले.

वासरांच्या अंगावर वाढविलेली लस रूढ झाल्यावर आपल्याकडेही मुलांच्या दंडांची साखळी हळूहळू संपली. मुंबई इलाख्यासाठी बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये अशी लस तयार होऊ लागली. वासराला पीडा देऊन काढलेला पदार्थ म्हणून नवा धार्मिक आक्षेप निघाला खरा. परंतु आपल्या मुलाचा फोड दुसऱ्यासाठी फोडला जाणार नाही, ही आयांची एक मोठी तक्रार दूर झाली. लसीची पद्धत सुधारली तसा विरोध ओसरला, यावरून त्या विरोधात कारण होते हेच सिद्ध होते.

विजय आणि त्याची किंमत

स्वतंत्र भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोग्यांची नोंद झाली. बिहारमध्ये हाहाकार उडाला. तेव्हा घरोघर शोध घेणे, रोगी सापडताच त्याच्या घरावर पहारा बसविणे आणि भोवतालच्या सर्वांना लस टोचणे, या मार्गाने १९७५ च्या मे महिन्यात भारतातील अखेरचा रोगी नोंदला गेला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. मानवी इतिहासात माणसाने समूळ नाहीसा केलेला हा पहिला मानवी रोग होय, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण त्या अखेरच्या टप्प्यात काही ठिकाणी रात्री दारे तोडून, धरून ठेवून लस टोचली गेल्याच्या नोंदी आहेत. मूल वाचले, दार मोडल्याची आठवणही राहिली. त्यापाठोपाठ १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीची आठवण तिला येऊन मिळाली. पुढे पोलिओचे थेंब आले तेव्हा उत्तर प्रदेशातील कित्येक आयांनी ‘याने मूल वांझ तर होणार नाही ना?’ असे विचारले. ही अफवा खोटीच होती. परंतु ती रुजण्याजोगी जमीन सरकारी बळजोरीनेच नांगरून ठेवली होती.

जामखेडचा धडा

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग चालला होता. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वर्षातच मरण पावत, आणि लस घेतलेली मुले नगण्य होती. आरोळ्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्यांना शरीराचे, रोगांचे व लसींचे ज्ञान दिले आणि आपल्याच गावात आरोग्य सेविका म्हणून उभे केले.

आता सांगणारी स्त्री तीच, जिचे स्वतःचे मूल त्याच ओढ्याचे पाणी पीत होते. ताप का येतो, तो किती राहील, गोवर झालेल्या मुलाचे खाणे का तोडू नये, हे ती पारावर व चुलीपाशी सांगे. आईला प्रश्न विचारता येई, आणि उद्या पुन्हा तोच विचारता येई. पुढील दोन दशकांत तेथील बालमृत्यू झपाट्याने घटले आणि बहुतेक सर्व मुलांना लसी मिळू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला. ज्या आयांना शंभर वर्षे ‘अडचण’ म्हटले गेले, त्यांच्यासारख्याच स्त्रिया येथे लसीकरणाचे साधन झाल्या.

पोलिओच्या बाबतीतही हेच घडले. उत्तर प्रदेशात स्थानिक स्त्रिया घरोघर जाऊन बोलू लागल्या, वडीलधाऱ्यांना व धर्मगुरूंना सोबत घेऊ लागल्या, आणि बंद दारे उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला.

आजचा प्रश्न

आज आईपुढील प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. तिच्या आजीला देवीचा चेहरा ठाऊक होता. तिला तो ठाऊक नाही. घटसर्प तिने पाहिलेला नाही. धनुर्वात हे तिच्यासाठी सुईचे नाव आहे, रोगाचे नव्हे. रोग दृष्टीआड झाला की उरतो तो फक्त सुईनंतरचा ताप. पूर्वी ताप म्हणजे ‘देवी लागल्या’ अशी खूण होती. आता हसतेखेळते मूल सुईने आजारी पडले, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी आकडे फेकून भागत नाही. २०२२ साली मुंबई व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली, तेव्हा कोविडच्या काळात राहून गेलेल्या लसींबरोबर ही विस्मृती व शंकाही कारणीभूत होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, सर्व मूलभूत लसी मिळालेल्या एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांचे प्रमाण १९९२–९३ साली सुमारे ३५ टक्के होते. २०१९–२१ मध्ये ते ७६ टक्क्यांवर गेले. ही माहिती मिळविण्याची रीत विचार करण्यासारखी आहे. पाहणी करणारी व्यक्ती घरी येते, लसीचे कार्ड पाहते, आणि कार्ड नसेल तर आईला विचारते. तिला आठवते ते लिहून घेते. १८८० च्या कायद्याने जिला पालकही मानले नव्हते, तिचा शब्द आज राष्ट्राच्या नोंदीत पुरावा म्हणून गणला जातो.

आपल्या मंडळ्यांत, मग त्या बेळगाव-हैदराबादच्या असोत की इंदूर-वडोदऱ्याच्या, महिला मंडळे आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, आणि पाळकांचा शब्द ऐकला जातो. एखादी तरुण आई मुलाला लस देण्यास कचरत असेल तर तिच्या श्रद्धेची उलटतपासणी करण्यापूर्वी मॅसीचा उपदेश आठवावा, आणि तिला उपदेश करण्यापूर्वी जामखेडच्या सेविका आठवाव्यात. तिला कशाची भीती वाटते ते आधी विचारावे, खरे असेल ते खरे म्हणावे, ताप येईल तर येईल म्हणून सांगावे, आणि तो उतरेपर्यंत तिच्याकडे पुन्हा जाऊन यावे.